पार्टटाइमचा हिशेब आणि पार्टटाइमची लाज

तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये कोळशाच्या खाणीला ‘बायी’ म्हणतात. बायी म्हणजे विहीर. ‘ते बायीला गेलेत’ हे मराठी माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो आणि पुढे जन्मभर पाहुण्यांना हा विनोद ऐकवत राहतो, मीही ऐकवतो. आमच्या शेजारचे अण्णा अशा बायीत तीस वर्षं उतरत आलेत. कपाळावर दिवा, कमरेला बॅटरी, अंगभर काळी भुकटी. या कष्टाबद्दल त्यांना कधी संकोच वाटलेला मी पाहिला नाही. पण त्यांचा मुलगा अमेरिकेत एम.एस. करताना कॉलेजच्या मेसमध्ये भांडी विसळतो, हे मात्र त्यांनी अख्ख्या कॉलनीपासून लपवून ठेवलं आहे. विचारलं की म्हणतात, ‘लायब्ररीत आहे.’

आता मुलीलाही ॲडमिशन मिळाली आहे. कन्सल्टन्सीने दिलेला खर्चाचा कागद घेऊन अण्णा परवा माझ्याकडे आले. फी, भाडं, जेवण, विमा, आणि शेवटी वजाबाकीत एक ओळ : पार्टटाइमचं उत्पन्न. मुलाच्या ज्या कामाची चारचौघांत लाज वाटते, त्याच कामावर मुलीच्या शिक्षणाचा हिशेब बसवलेला. माझं भांडण या दोन्ही गोष्टींशी आहे.

आधी हिशेब. ‘तिकडे पोरं पार्टटाइम करून आपला खर्च आपण काढतात’ हे वाक्य इथे गोदावरीच्या पाण्याइतकं सर्रास आहे. तपासून पाहू. अमेरिकेत एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसच्या आत. तिथलं केंद्राचं किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडलेलं आहे. म्हणजे आठवड्याला १४५, चार आठवड्यांचे ५८०. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ४९,३०० रुपये. मंचेरियलच्या ओसरीवर बसून हा आकडा भरगच्च दिसतो. फसगत इथेच होते. मिळकतीला आपण ८५ने गुणतो आणि खर्च मात्र इथल्या भावाने डोळ्यांपुढे आणतो. ते ५८० डॉलर तिकडेच खर्चायचे असतात. चौघांत घेतलेल्या घराचं भाडं आणि किराणा यांतच ते संपतात. काही राज्यांत याच्या दुप्पट वेतन मिळतं, पण तिथली भाडीही त्याच चालीने चढलेली असतात. इकडे ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी घेतलं असेल, तर नुसतं व्याजच महिन्याला ३६ हजारांच्या वर जातं. मुद्दल बाजूलाच राहिलं. आणि ५८० डॉलर मिळणार तेही काम मिळालं तर. कॅम्पसवर जागा मोजक्या असतात आणि त्यांच्यासाठी रांग असते.

यावर कोणी म्हणेल, अमेरिका सोडा, दुसरे देश आहेत की! आहेत. कॅनडाने नोव्हेंबर २०२४पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास दिले, ऑस्ट्रेलिया पंधरवड्याला ४८ देते, जर्मनी वर्षाला १४० पूर्ण दिवस. पण त्याच जर्मनीत विद्यार्थ्याला साधारण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावे लागतात, आणि कॅनडा फीशिवाय २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायला सांगतो. अमेरिकी कॉलेजचं आय-ट्वेंटी हे प्रवेशाचं पत्रही पैशाची सोय दाखवल्याखेरीज हाती पडत नाही. याचा अर्थ सरळ आहे. पोटापुरतं घेऊन या, मग वरखर्चासाठी थोडं कमवा, असं ते देशच सांगताहेत. आपण काय करतो? आठ दिवसांसाठी खात्यात उसने पैसे दाखवतो, परत करतो आणि पोराला विमानात बसवतो.

मग त्या पोराला २० तास पुरत नाहीत. कॅम्पसबाहेर, रोख पैशावर, रात्री पेट्रोल पंपावर किंवा मोटेलच्या काउंटरवर उभं राहावं लागतं. मालकाने अर्धे पैसे बुडवले तरी तक्रार करता येत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. काम मिळावं म्हणून कसलंही कॉलेज पत्करणारे तर आणखी खोल जातात. २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हा तिथले बहुतेक विद्यार्थी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले होते; काहींच्या पायांत माग काढणारे रेडिओ-पट्टे अडकवले गेले. जानेवारी २०१९मध्ये मिशिगनच्या फार्मिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात १२९ भारतीय विद्यार्थी धरले गेले. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभं केलेलं होतं. त्या पोरांना निव्वळ लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. घरून निघतानाच त्यांच्या डोक्यावर कोणता हप्ता ठेवला होता, हे कोणी विचारत नाही.

एवढं ऐकलं की आमच्याकडचा दुसरा पक्ष खूश होतो. ‘आम्ही म्हणतच होतो, शिकायला गेलात तर शिका! भांडी घासायला सातासमुद्रापार कशाला?’ यांच्याशी माझं भांडण जास्त कडाक्याचं आहे. काझीपेटपासून बल्लारशाकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर मंचेरियल आहे, तोच धरून चंद्रपूर ओलांडलं की वर्धा येतं. तिथल्या पांडुरंग खानखोज्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत पडेल ती मजुरी करत शेतीशास्त्र शिकून घेतलं. गदर चळवळीत उडी घेतलेला हा माणूस पुढे मेक्सिकोत शेतीचा प्राध्यापक झाला आणि मक्याच्या वाणांवर काम करून नावाजला. मजुरीने त्यांची विद्या बाटली नाही.

तरी खानखोज्यांचं नाव पुढे करून कोणी पुन्हा पहिला पक्ष मांडू नये. त्यांच्या डोक्यावर ४० लाखांचं कर्ज नव्हतं. पैशाची बाजू पाहायची तर बाबासाहेबांकडे पाहा. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून ते परतले, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले आणि १९२०मध्ये पुन्हा गेले. पैसा आधी, जहाज नंतर. आज आमच्या तेलंगण सरकारच्या ज्या योजना परदेशी शिक्षणाला २० लाखांपर्यंत देतात, त्यांतली एक फुल्यांच्या नावाची आहे आणि एक आंबेडकरांच्या. मराठी माणसाला याचा अभिमान वाटतो. अर्ज भरायला मात्र कन्सल्टन्सीवाला कोणाला पाठवत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की काम जरूर करावं, पण नेमलेल्या तासांत, आणि ते पैसे पोरांच्याच हाती राहावेत. इंटरपासून हॉस्टेलात कोंडून, पुढे आलेलं ताट खाऊन रँक काढलेल्या आमच्या पोरांना मेसमधल्या एका सत्रात जे कळतं, ते कुठल्याच कोचिंगमध्ये मिळत नाही. वेळेवर हजर राहणं, साहेबाला ‘जमणार नाही’ म्हणणं, अनोळखी माणसाशी परक्या भाषेत चार वाक्यं बोलणं. त्याच ओळखीतून पुढे एखाद्याला प्रयोगशाळेतलं काम मिळतं. लपवाछपवीने मात्र घात होतो. घरी लाज वाटते म्हणून पोरगा मेसचं काम लपवतो. एकदा लपवायची सवय लागली की रात्रीचा पेट्रोल पंपही लपवतो. नोव्हेंबर २०२४मध्ये शिकागोच्या एका पंपावर खम्मम जिल्ह्यातला विद्यार्थी गोळीबारात गेला, तेव्हा आमच्या गल्लीत कितीतरी घरांनी त्याच रात्री फोन लावून पहिल्यांदा विचारलं, ‘खरं सांग, तू कुठे काम करतोस?’

अण्णांच्या कागदावर मी ती शेवटची ओळ खोडली आणि समोर शून्य लिहिलं.

‘मग तिने कामच करू नये का, सार?’

‘करू दे की. मुलगा करतोय तसंच. पण यात धरू नका.’

शून्य धरल्यावर बेरीज अकरा लाखांनी कमी पडत होती. अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी शून्याशेजारी ३०० लिहिलं, ते खोडलं आणि विचारलं, ‘ते फुल्यांचं काय म्हणालात, त्याची तारीख कधी असते?’ बघून सांगतो म्हटलं. दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती. कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवत ते बायीला गेले.