किल्लारीची घरं आणि परदेशातली दानपेटी

परदेशातल्या चर्चचा पैसा म्हटला की लगेच विचारलं जातं, बदल्यात धर्म मागितला का? विचारायला हरकत नाही, पण उत्तर ऐकून घेण्याआधीच निकाल देणं अन्यायाचं आहे. लातूर जिल्ह्याकडे तर या प्रश्नाचं उत्तर तयार आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून दमलेली गावं झोपेत असताना, भूकंपानं किल्लारी-सास्तूर परिसरातल्या दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळजवळ आठ हजार जीव गेले. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, शासन राबलं, देशभरातून संस्था धावल्या. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये उभी राहिलेली ‘कासा’ ही चर्चप्रणीत संस्थाही त्यांत होती.

‘कासा’ची जुनी सहकारी म्हणजे ब्रिटनमधली ‘ख्रिश्चन एड’. तिथं १९५७ पासून दर मे महिन्यात चर्चचे स्वयंसेवक दारोदार पाकिटं वाटतात, पुन्हा जाऊन ती गोळा करतात. कुणी घरचे केक विकतं, कुणी पायी फेरी काढून देणगीदार मिळवतं. ज्या गावाचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही, त्या गावासाठी ही माणसं पावसात उभी राहतात.

या पैशानं मराठवाडा बाटला का? भूकंपानंतर अठरा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही भरली नाही.

तरी संशय हवेतून आलेला नाही, हे मान्य करायला हवं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेसाठी १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढली. धर्मशिक्षण द्यायचं नाही, असा त्या मंडळाचाच नियम होता. पुढे १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण त्याच वर्गणीवर त्या काळच्या बालविधवांना अक्षरं आणि छप्पर मिळालं, हेही तितकंच खरं. म्हणून तपासायचं ते संस्थेचं काम. देणारा कुठे प्रार्थना करतो हे नव्हे.

नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला परदेशातले शीख भक्त मनापासून देणगी देतात. लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८ मध्ये ‘महाराष्ट्र फाउंडेशन’ काढून इथल्या संस्थांना डॉलर पाठवले, त्याचं आपण कौतुकच केलं, आणि ते योग्यच होतं. मग चर्चच्या दारातल्या पाकिटाला वेगळी मोजपट्टी का?

खरी कोंडी आज कायद्यात आहे. परकीय देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला हा पैसा देण्यावर बंदी घातली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती वैध ठरवली. २०२४ मध्ये ‘कासा’चीच या कायद्याखालची नोंदणी रद्द झाली. कुणी कायदा मोडला असेल तर कारवाई जरूर व्हावी. पण औसा किंवा किनवट तालुक्यातल्या छोट्या महिला मंडळाला या कायद्यानं सक्तीचं केलेलं दिल्लीतलं बँक खातं आणि स्वतंत्र नोंदणी कशी पेलणार? अशा गटांना मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळण्याची वाट पुन्हा खुली करावी आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवायची सक्ती करावी.