विश्लेषण : नव्या बॅलेला नवे संगीत कशाला?

बॅलेसाठी तयार संगीत घेणे सोपे आणि स्वस्त. चायकोव्हस्की प्रेक्षकांच्या कानात बसलेला असतोच. तरीही लंडनच्या रॉयल बॅलेने २०११ मध्ये ‘अ‍ॅलिसेस अ‍ॅडव्हेंचर्स इन वंडरलँड’साठी जोबी टॅलबट यांच्याकडून पूर्ण लांबीचे नवे संगीत लिहून घेतले. पॉप बँडमध्ये वाजवलेल्या, चित्रपटांना संगीत देणाऱ्या माणसावर लावलेला तो मोठा डाव होता. कॅनडाचा नॅशनल बॅले निर्मितीत भागीदार होता, म्हणून भार वाटला गेला, इतकेच.

डाव जमला. त्यात मॅड हॅटर टॅप डान्स करतो; त्याच्या बुटांचा ठेका हेच वाद्यवृंदातले आणखी एक वाद्य होते. (घुंगरांची सवय असलेल्यांना यात नवल नाही.) जुन्या संगीतावर हे साधत नाही. नृत्यदिग्दर्शक ख्रिस्तोफर व्हीलडन यांच्याशी जमलेली जोडी पुढेही टिकली. २०१४ मध्ये ‘द विंटर्स टेल’ आले, त्यात मंचावरच्या वादकांत चक्क आपली बासरी आहे. २०२२ मध्ये ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’.

खर्चकपातीची पहिली कात्री नव्या संगीतावर चालवू पाहणाऱ्या संस्थांनी ‘अ‍ॅलिस’चे आजही होणारे प्रयोग एकदा पाहावेत.