मोंढ्यातला हिशेब आणि एमबीएची परीक्षा

‘एमबीए आपल्यासाठी नाही,’ असं परभणीत बऱ्याच मुला-मुलींकडून ऐकतो. मला ते पटत नाही. कॅटमध्ये आकडेवारी आणि तर्काचा स्वतंत्र विभाग असतो, झॅटमध्ये निर्णयक्षमतेचा. दोन्हींचा पहिला धडा आपल्या मोंढ्यातच मिळतो.

समजा, घरी १० क्विंटल सोयाबीन आहे, ओलावा २० टक्के. आज भाव ४,००० रुपये. वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणला तर भाव ४,४००. थांबायचं का? घाईत कोणीही ‘हो’ म्हणेल. पण वाळल्यावर माल सुमारे ९.०९ क्विंटलच उरतो. रक्कम तीच, ४०,०००! वर मजुरी वेगळी.

हा झाला आकड्यांचा भाग. आता निर्णय घ्या: भाव ४,६०० मिळणार असेल, पण बहिणीची फी उद्याच भरायची असेल तर? आभाळ भरून आलं असेल तर? झॅटमध्येही कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान, हेच तोलावं लागतं.

क्लास परवडत नसेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घ्या. रोज घड्याळ लावून एक संच सोडवा, उत्तरासोबत कारणही लिहा. बहिणीलाही सोबत बसवा. फॉर्म भरण्याआधीच हरणं, हा मात्र सर्वांत चुकीचा निर्णय.