रीसेटचे गुपित कशाला?

आठ कोअरच्या चिपमध्येही सुरुवातीला साधारणपणे एकच कोअर जागा होतो. बाकीचे ‘रीसेट’मध्ये रोखलेले असतात. कोणत्या पत्त्यावरचा कोणता बिट बदलला की कोणता कोअर सुटेल, हे फर्मवेअरला कोणीतरी सांगावे लागते. आणि ते चिपगणिक वेगळे! पूर्वी असले तपशील लिनक्सच्या कोडमध्येच कोंबले जात. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स एआरएम चिपांच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे चिडले. पुढे ‘डिव्हाइस ट्री’ या वेगळ्या फाइलमध्ये हे वर्णन देण्याची पद्धत रुळली. पण चिपची माहितीपुस्तिकाच गुप्त असेल, तर फाइलमध्ये लिहायचे काय? कंपनीने अपडेट थांबवले की धडधाकट फोन जगवणे बाहेरच्या जाणकारांना म्हणूनच जड जाते. निदान रीसेटचा तक्ता तरी खुला करणे कंपन्यांवर बंधनकारक हवे.