ठिणगी नवी, वायरिंग मात्र जुनेच!

वाडी (नागपूर) : अमरावती मार्गावर वाडी येथे ट्रकची वर्दळ रात्रीही सुरूच असते. अशा रस्त्यावर मंद टेललॅम्पची जुनी मोटारसायकल मागील चालकाला उशिरा दिसते. त्यामुळे जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविताना 'एका किकमध्ये सुरू' एवढाच विचार पुरेसा ठरत नाही.

येझदी व जुन्या बुलेटमध्ये ६ व्होल्टची विद्युत यंत्रणा आणि सीबी पॉइंट असत. पॉइंट झिजले, की त्यांतील फट बदलते आणि ठिणगीची वेळ चुकते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत पॉइंटच नसल्याने हा त्रास संपतो. दिव्यांचा प्रश्न मात्र कायम राहतो. ३५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेतो. १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. परिणामी त्याच वायरमध्ये वाया जाणारी वीज एकचतुर्थांशावर येते.

म्हणून आधी कुजलेली वायर, अर्थिंग व फ्यूज बदलावेत. त्यानंतर अल्टरनेटर, रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, बल्ब व हॉर्न हे सारे १२ व्होल्टचे हवे. ६ व्होल्टची कॉइल तशीच ठेवल्यास ती तापून निकामी होते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे इंजिन व चेसिसला हात लावू नये. नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत सुरू ठेवणे १ एप्रिल २०१७ पासून बंधनकारक आहे. जुन्या गाड्यांना ही सक्ती नाही. त्यांच्या प्रकाशाची जबाबदारी मालकावरच आहे.