दुःखाला काळोखच लागतो का?

हल्ली टीव्हीवर एखादा नवा चित्रपट लावला की आधी घरातल्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पडद्यावर इतका काळोख की कोण कोणाशी बोलतंय तेच कळत नाही! नातवंडं म्हणतात, "आजोबा, तो मूड आहे." असेल बुवा. पण गंभीर काही सांगायचं म्हणजे दिवे मालवायचे आणि गाव दाखवायचं म्हणजे सगळं मातकट करून टाकायचं, हा मला निव्वळ आळस वाटतो. आमचं म्हसा पौषातल्या जत्रेत मातकट दिसतं खरं, गुरांच्या बाजारात धूळच तेवढी उडते. पण श्रावणात येऊन बघा, हिरव्याशिवाय काही दिसणार नाही.

काळोखाशी माझं वैर नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) बाहेर पाऊस थांबत नाही आणि वाड्यात दिव्याच्या उजेडाचं वर्तुळ पडेल तेवढंच दिसतं. तो काळोख त्या गोष्टीचाच आहे, वरून ओतलेला नाही. रंगाचंही तसंच. शांतारामबापूंचा 'कुंकू' १९३७ सालचा, कृष्णधवल. नावातला लाल रंग पडद्यावर कुठेच नाही, तरी शांता आपटेच्या कपाळावर तो आपल्याला दिसतोच की!

मला खरं बोलायचंय ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'बद्दल (२०१३). कैकाडी घरातल्या जब्याच्या वाट्याला जी मानहानी येते ती अंधारात नाही, टळटळीत उन्हात येते. शाळेजवळ, सगळ्या गावादेखत त्याला डुक्कर धरावं लागतं आणि लोक हसत बघतात. ज्या शालूसाठी तो झुरतो तीसुद्धा त्यांत असते. विक्रम अमलादींच्या कॅमेऱ्याने तिथे जराही आडोसा ठेवलेला नाही. सगळं लख्ख दिसतं म्हणूनच बघवत नाही.

आणखी एक गोष्ट मला, मास्तर म्हणून, फार जाणवली. आमच्या शाळेत वर्गाचा फोटो काढायला येणारा गृहस्थ उजेडाचा हिशेब पांढऱ्या सदऱ्यांवरून धरायचा. सदरे झकास यायचे, पण ठाकर-कातकरी पोरांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके. एकदा एका मुलाची आई फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, यात आमचा कुठला?" मी बोट ठेवून दाखवलं. तिला ते पटलं की नाही, देव जाणे.

जब्याही गोरं दिसायला तोंडाला पावडर फासतो. पण कॅमेरा त्याला उजळवत नाही आणि दीनवाणं दाखवायला काळवंडतही नाही. आहे त्या रंगात त्याचा संताप, लाज, सगळं स्वच्छ वाचता येतं. त्यामुळे शेवटी तो दगड भिरकावतो तेव्हा तो कोणी मारला हे आपल्याला नीट दिसलेलं असतं. आणि दगड येतो तो सरळ आपल्याच दिशेने.