कोकराला गरीब बिचारे करू नका

गेल्या पंधरवड्यात कात्रपला एका मित्राच्या घरी भरलेल्या वाचनमंडळात मराठीचे एक प्राध्यापक स्नेही ठामपणे म्हणाले की, ख्रिस्ती काव्यातले ‘देवाचे कोकरू’ हे निरागसतेचे व सोशिकतेचे प्रतीक आहे, आणि ईस्टर म्हणजे वसंतात फुटणारी पालवी. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्गात हेच ऐकत आल्यावर दुसरे काय होणार? पण हे विधान चुकीचे आहे, आणि चूक किरकोळ नाही.

निर्गमच्या १२व्या अध्यायातले कोकरू कोणाला गहिवर यावा म्हणून आलेले नाही. मिसरच्या दास्यातली ती शेवटची रात्र. कोकरू कापायचे, एजोबाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला लावायचे, मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर त्याच रात्री खायचे. तेही कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन. त्याचे हाड मोडायचे नाही. या साऱ्या विधीत पापाचा उल्लेखही नाही. प्रायश्चित्तापेक्षा आपल्या कोकणातली ‘राखण’ याला अधिक जवळची म्हणावी लागेल : घरादाराचे, गुरावासरांचे रक्षण व्हावे म्हणून दिलेला आणि मग सर्वांनी मिळून खाल्लेला पशू. साम्य अर्थात तेवढ्यापुरतेच. राखण देतात ती आहे त्या जागी सुखाने नांदता यावे म्हणून. हे कोकरू कापले जाते ते जागा सोडून निघायचे असते म्हणून.

पौलाने करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू म्हटले, तेव्हा त्याला स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. योहान तर कथानकच तसे रचतो. पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूचे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. योहानात मात्र तो सणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जातात त्याच दिवशी, क्रुसावर जातो. आंबेचा बोळा त्याच्या तोंडाशी नेला जातो तो एजोबावरून. आणि त्याचे पाय मोडले जात नाहीत. ही कालगणना इतर तिघांशी जुळत नाही, यावर अभ्यासकांचा वाद आहेच. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र ही विसंगतीच बोलकी वाटायला हवी. त्यातच योहान या कोकरावर जगाचे पाप वाहून नेण्याचे काम सोपवतो, आणि तिथे यशयाच्या ५३व्या अध्यायातला मुकाट सोसणारा सेवक त्याच्यात मिसळलेला दिसतो. स्नेह्यांची सोशिकता आली ती तिथून. ती खोटी नाही, अपुरी आहे. नुसती सोशिकता घेतली तर गुड फ्रायडे कळेल, ईस्टर कळणार नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या कॅथलिक उपासनेत समुद्र दुभंगून इस्राएल पार झाल्याचा उतारा वगळता येत नाही, तो यासाठीच. पालवी दरवर्षी आपोआप फुटते. दास्यातून सुटका आपोआप होत नाही. (आणि बदलापूरच्या एप्रिलमध्ये वसंत शोधायचा तरी कुठे?)

या गोंधळाला आपली भाषाही जबाबदार आहे. ग्रीक व लॅटिनमध्ये दोन्ही सणांना ‘पास्खा’ हा एकच शब्द. कोकणी ख्रिस्ती माणूस आजही ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतो. मराठीने मात्र यहुदी सणाला ‘वल्हांडण’ हा ओलांडण्याच्या कुळातला सुरेख शब्द दिला आणि ख्रिस्ती सणाला इंग्रजीतून ‘ईस्टर’ उचलला. एका शब्दाचे असे दोन तुकडे झाले, आणि त्यांच्यामधला धागा शिक्षकांच्या हातून सुटला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत. पहिले जुन्या कराराचे. पहिल्यावाचून दुसरे कळणार नाही, ही जाण त्या रचनेतच आहे. आपण दुसऱ्यातले चार वेचे नेमतो आणि प्रतीके समजावत बसतो.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. वल्हांडण ही केवळ ‘छाया’ होती, ख्रिस्त आल्यावर तिचे काम संपले, असे काही धर्मोपदेशक सांगतात. दुसऱ्या शतकात सार्दीसच्या मेलितोने पास्खावरील आपल्या प्रवचनात हेच मांडले आणि वर देवाच्या हत्येचा आरोप यहुद्यांवर ठेवला. त्या आरोपाची किंमत यहुद्यांनी पुढे शतकानुशतके मोजली. ज्या सणाचे काम संपले म्हणतात तो आपल्या शेजारी जिवंत आहे. ठाण्याचे बेने इस्राएलांचे सिनेगॉग १८७९ सालचे, इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर. त्याआधी, १८७४ साली, पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत आपल्याकडच्या वेषातल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यापासून यहुद्यांच्या ताटात त्या कोकराऐवजी बहुधा एक भाजलेले हाड असते.

स्नेह्यांनी पुढच्या बैठकीला निर्गमचा बारावा अध्याय वाचून यायचे कबूल केले आहे. मी यशयाचा त्रेपन्नावा.